तक्त्यावरची शेवटची ओळ

भिंग्याला बाजूचं दिसत नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्याच्या मित्राला, म्हणजे तीस वर्षं लोकांच्या नाकावर चश्मे बसवणाऱ्या माणसाला, ते कळायला रविवारची दुपार उजाडली. पण तो शहाणा होता म्हणून आपणही त्याच्याबरोबर चाचपडत बसावं असं काही नाही.

समोरचं भिंग्याला लख्ख दिसायचं. वर्तमानपत्राची नळी करून डोळ्याला लावली की जेवढं दिसेल तेवढं, पण स्पष्ट. नळीबाहेरचं जग मात्र दोन वर्षांत कडेकडेने गळत गेलं होतं. आधी दाराच्या चौकटी गेल्या, मग टेबलांचे कोपरे, मग शेजारी बसलेली बायको. त्याच्या वडिलांचंही असंच झालं होतं. काचबिंदू. शेवटी शेवटी ते काठीने रस्ता ठोकत चश्म्यांच्या दुकानात यायचे, बाकावर बसायचे आणि चहाचा कप हातात द्यावा लागायचा. तो कप कितीदा तरी चश्मेवाल्यानेच दिला होता. म्हणजे त्याला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

दुकान चश्मेवाल्याचं. ते आपण कष्टाने मिळवलं असं तो सांगत असे, आणि मालकाच्या मुलीशी लग्न करण्याला कष्ट म्हणत असतील तर ते खरंच होतं. भिंग्या त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासायचा. दोघं एकाच महिन्यात उमेदवारीला लागलेले. एक मागे राहिला, एक गल्ल्यावर गेला. भिंग्या त्याला थट्टेने ‘शेठ’ म्हणू लागला आणि शेठला ती थट्टा आहे हे कधी कळलं नाही.

पुढे भिंगं कारखान्यातूनच घासून यायला लागली. मागच्या खोलीत खोकी रचली गेली. त्याच सुमारास वहिनींना, म्हणजे भिंग्याच्या बायकोला, त्यांच्या मावशीचं डोंगरातलं घर मिळालं आणि दोघं बोचकी बांधून तिकडे गेले. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून दर महिन्याला फोन. आज धुकं काय पडलं होतं, आज ओढा काय वाहत होता. शेठ फोन कानाला लावून दुसऱ्या हाताने फ्रेमा पुसत असे आणि बायकोकडे बघून डोळे फिरवत असे. रिकामटेकड्याला धुकंसुद्धा बातमी वाटते, असं त्याचं मत.

या वेळच्या फोनवर आमंत्रण होतं. शनिवार-रविवार ये. शेवटी वहिनींनी फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, “भाऊजी, येताना तुमची ती पेटी घेऊन या हं.”

पेटी म्हणजे डोळे तपासायच्या भिंगांची. आत मखमलीच्या खाचांत दोनशे गोल भिंगं, एक जड फ्रेम, एक बॅटरी आणि घडीचा अक्षरांचा तक्ता. शेठने “बघतो” म्हटलं आणि तिथेच ताडलं. दोन दिवसांची फुकट हवा दाखवायची आणि सगळ्या वाडीला रांगेत उभं करून डोळे तपासून घ्यायचे. आवळा देऊन कोहळा काढायचा. पेटी कपाटातच राहिली. बायको म्हणाली, अहो, त्यांनी मुद्दाम सांगितलंय. तर म्हणे, मी विसरलो असं सांगेन, विसरायला काय लागतं.

तिकडे डोंगरात काय चाललं होतं तेही सांगून ठेवू. वहिनींनी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात मंगळवारची वेळ घेतली होती. भिंग्या जायला तयार नव्हता. काचबिंदू गेलेली नजर परत देत नाही, पण औषधाने उरलेली राखता येते, हे त्याला शेठपेक्षा जास्त माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि वडिलांची काठी आपल्या हातात बघणं वेगळं. भांडून भांडून शेवटी तह झाला. शेठ येऊन जाऊ दे. तीस वर्षं डोळे तपासण्यात घालवलेला माणूस आहे. त्याला दोन दिवसांत काही खटकलं तर मुकाट मंगळवारी येईन. नाही खटकलं तर तो विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. आणि तू त्याला एका शब्दाने सुचवायचं नाहीस. वहिनींनी शब्द दिला, कारण त्यांना खात्री होती. चश्मेवाल्याला नाही कळणार तर कुणाला कळेल, असं त्या बिचाऱ्यांना वाटलं.

शनिवारी सकाळी शेठ बसच्या मागच्या दाराने उतरला. भिंग्या थांब्यावर उभा होता, नजर पुढच्या दारावर. शेठ जाऊन त्याच्या बाजूला उभा राहिला, अगदी खांद्याला खांदा. भिंग्या वळेना. बस निघून गेली तरी हा समोर बघतोय. शेठने मनात हिशेब केला की सहा वर्षं झाडाझुडपांत राहून माणसाला मिजास येते. मग त्याने दंडाला हात लावला तसा भिंग्या केवढ्याने दचकला. मग हसला, मिठी मारली, आणि म्हणाला, तू पुढे हो, पाहुण्याने पुढे चालायचं. पाठीमागून त्याने शेठच्या पिशवीचा पट्टा धरला. पिशवी उचलून घेईल तर शपथ, नुसता धरला.

वीस मिनिटांची चढण. सगळीकडे हिरवं. आता हिरवं म्हणजे काय, तर ओल. शेठचे शहरी बूट दगडागणिक सरकत होते. भिंतीवर शेवाळ, कौलांवर शेवाळ, एका म्हाताऱ्याच्या टोपीवरही असेल असं त्याला वाटून गेलं. शहरात भिंतीला एवढी ओल आली तर लोक घरमालकाला कोर्टात खेचतात, आणि इथे हे तिला निसर्ग म्हणतात. वाटेत भेटणारा जो तो “कशी वाटली हवा” विचारत होता, जणू ती ह्यांनी घरी केली होती. शेठ प्रत्येकाला “छान, छान” म्हणाला आणि त्याने प्रत्येकाच्या चश्म्याकडे बघून घेतलं. ही त्याची सवय. माणूस भेटला की तो आधी फ्रेम बघे. लोकांना दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. ह्याला डोळाच दिसत नसे, फ्रेम दिसे. स्वस्तातली आहे का, दांडी नीट आहे का, आपल्या दुकानची आहे की समोरच्याच्या.

घर लहान होतं आणि शेठच्या मते विद्रूप. पायऱ्यांच्या कडांना पांढऱ्या रंगाचे जाड पट्टे मारले होते. टेबलाच्या कोपऱ्यांना पांढरी चिकटपट्टी. दाराच्या चौकटीला डोक्याच्या उंचीवर जुन्या रजईची पट्टी ठोकलेली. गोठासुद्धा कुणी असा सजवत नाही. शेठने पिशवी ओसरीत टाकली आणि आत गेला. वहिनींनी ती उचलून खुंटीला अडकवली. टॉवेल काढायला त्याने ती घेतली आणि परत ओसरीत ठेवली. वहिनींनी परत उचलली. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “भाऊजी, वाटेत काही ठेवत नाही आम्ही.” मोठा राजवाडा असल्यासारखं, शेठला वाटलं. ज्यांच्याकडे बघण्यासारखं काही नसतं त्यांनाच टापटिपीचं वेड लागतं.

दुपारी चहा झाला. वहिनींनी कप भिंग्याच्या बरोबर समोर ठेवला. शेठने साखर घ्यायला तो जरा बाजूला सरकवला. बोलता बोलता भिंग्याचा हात फिरला आणि कप खाली. “हात कापायला लागले का रे तुझे?” शेठ म्हणाला. भिंग्या म्हणाला, वय झालं. वहिनी फडकं घेऊन आल्या आणि पुसता पुसता शेठच्या तोंडाकडे बघत राहिल्या. शेठला वाटलं, कपाची किंमत माझ्याकडून वसूल करतात की काय.

त्यानंतर जे झालं ते लिहितानाही चीड येते. शेठचं लक्ष भिंग्याच्या चश्म्याकडे गेलं. उजवी दांडी वाकलेली, बिजागरीला दोरा गुंडाळलेला, कडेला ओरखडे. धंद्यातल्या माणसाने असं फिरावं? त्याने विचारलं, हे कशाने. भिंग्या म्हणाला, दाराला लागतो कधीकधी. एवढं मोठं दार तुला पुरत नाही का, असं म्हणून शेठ आपल्याच विनोदावर हसला. त्याने चश्मा काढून घेतला, खिशातला छोटा पेचकस काढला, दोरा तोडला, स्क्रू बसवला, दांडी अंगठ्याने सरळ केली, काचा आपल्या रुमालाने पुसल्या आणि स्वतःच्या हाताने चश्मा मित्राच्या कानांवर चढवला. त्याचं तोंड भिंग्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. भिंग्याने श्वास रोखून धरला होता. वहिनी फडकं हातात धरून दारात उभ्या होत्या. शेठने चश्मा नाकावर कसा बसला ते बघितलं, दोन्ही कानांची उंची बघितली, मान तिरकी करून फ्रेम पातळीत आहे का ते बघितलं.

“आता कसा माणसात आलास,” तो म्हणाला. भिंग्याने श्वास सोडला.

संध्याकाळी पिशवी पुन्हा ओसरीत होती. भिंग्या तिच्यात पाय अडकून कोसळला आणि त्याचं ढोपर फुटलं. शेठने आधी पिशवी उघडून अत्तराची बाटली शाबूत आहे का ते बघितलं. भिंग्या म्हणाला, दिवाच मंद आहे इथला. दिवा चांगला लख्ख होता.

रविवारी सकाळी देखावा बघायला जायचं होतं. देखावा हा प्रकार शेठला मुळातच पटत नसे. दरी म्हणजे जमीन नसलेली जागा; ती बघायला तास-तासभर उभं राहायचं आणि मग उसासा टाकायचा. कठड्याशी आठ-दहा माणसं उसासे टाकत होतीच. भिंग्या मात्र मान सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत होता, जमीन मोजावी तशी. मग त्याने समोरच्या डोंगरावर बोट दाखवलं. तिथला विजेचा खांब दिसतो? त्याच्यावर आकडा आहे, चारशे सतरा. शेठने आपला लांबचा चश्मा लावला, डोळे बारीक केले. खांब दिसला, आकडा काही दिसला नाही. शेजारच्या एका माणसाकडे दुर्बीण होती, त्याने बघून सांगितलं, चारशे सतराच.

“नजर शाबूत आहे गड्या तुझी,” शेठ म्हणाला.

भिंग्याने त्याच्याकडे सगळं अंग वळवून बघितलं. “खरंच म्हणतोस?”

“तक्त्यावरची शेवटची ओळ वाचशील तू. मी रोज बघतो माणसं, मला शिकवतोस?”

झालं. शेठच्या दुकानाची रीत हीच. तक्ता समोर धरायचा, गिऱ्हाइकाने शेवटची ओळ वाचली की नजर ठणठणीत, चला फ्रेम निवडा. तक्ता वीतभर रुंद, त्याच्या बाजूला काय दिसतं हे विचारायची पद्धतच नाही, कारण बाजूला जे दिसतं त्याला भिंग विकता येत नाही. भिंग्या कठड्याला धरून बराच वेळ उभा राहिला. शेठला वाटलं, आता हाही उसासा टाकणार. त्याने टाकलाही, पण तो देखाव्यासाठी नव्हता.

घरी आल्यावर भिंग्या मागच्या बाजूला गेला तसं वहिनींनी शेठला स्वयंपाकघरात गाठलं. पेटी आणलीत का, त्यांनी विचारलं. विसरलो हो, घाईत, शेठने सांगितलं. वहिनी स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, तुम्हाला ह्यांच्यात काही वेगळं वाटलं का? काहीही. नीट आठवून सांगा.”

दिलेल्या शब्दाच्या अगदी कडेवर उभं राहून बाई विचारत होती. शेठला वाटलं, झाली नवरा-बायकोची कुरबूर सुरू, आता आपल्याला पंच करणार. “वहिनी, त्याला काहीएक झालेलं नाही,” तो म्हणाला. “हिरवळ डोक्यात गेलीय, बाकी काही नाही.” वहिनी उठल्या आणि बटाटे सोलायला लागल्या. त्यांनी एक बटाटा सोलता सोलता सुपारीएवढा करून टाकला.

दुपारी भिंग्या त्याला सोडायला थांब्यावर आला. येताना तो शीळ घालत होता. बसला दहा मिनिटं होती. शेठ मनातल्या मनात बायकोला सांगायचे किस्से जुळवत होता, रजईची चौकट, पायऱ्यांचे पांढरे पट्टे, चारशे सतरा. भिंग्या म्हणाला, “तुला एक सांगतो. दोन दिवस मी तुला घाबरत होतो.”

मग त्याने सगळं सांगितलं. मंगळवार, दवाखाना, तह. हिने उगाच घाबरवून सोडलं होतं, म्हणाला, वडिलांसारखं होतंय, वडिलांसारखं होतंय म्हणून. मलाही वाटायला लागलं होतं. थोडं अडखळायला होतं, ते काय वयाने होतंच. “पण म्हटलं, शेठ बघेल. काल तू माझा चश्मा बसवलास ना, तेव्हा वाटलं आता बोलतोस. पण तू काही बोलला नाहीस. आज सकाळी तर तू स्पष्टच म्हणालास. मघाशी हिला सांगितलं, मंगळवारचं रद्द कर. तुझ्यामुळे सुटलो बघ.”

वळणावर बस दिसायला लागली होती.

माणूस अगदीच दगड असला तरी कधीतरी पाझरतो म्हणतात. शेठच्या डोळ्यांपुढे आधी तो कप आला, त्याने स्वतः बाजूला सरकवलेला. मग पिशवी, तीन वेळा उचललेली. वाकलेली उजवी दांडी, ओरखडे कडेला, फक्त कडेला. थांब्यावर खांद्याला खांदा लावून उभा असलेला तो स्वतः, आणि समोर बघणारा भिंग्या. बाकावर बसलेले भिंग्याचे वडील आणि त्यांच्या हातात दिलेला कप. आणि त्याच वेळी, हेही सांगितलं पाहिजे, त्याच्या मनात आलं की बस आलीच आहे. चढावं. दोन दिवस ह्या माणसाला हसलो, आता त्याच्यासमोर तोंड कसं उघडायचं. मंगळवारनंतर फोनवर सांगता येईल, सहज आठवल्यासारखं.

बस थांबली. शेठने पिशवी खाली ठेवली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, उचलून थांब्याच्या कठड्यावर ठेवली.

“इकडे बघ,” तो म्हणाला. “माझ्या नाकाकडे. डोळे हलवायचे नाहीत.”

“आता काय नवीन?”

“बघ म्हणतो ना.”

भिंग्याने बघितलं. शेठने दोन्ही हात बाजूला पसरले, त्याच्या कानांच्या रेषेत, आणि दोन्ही हातांची दोन दोन बोटं हलवली.

“बोटं किती?”

भिंग्या हसत होता. “कुठली बोटं?” तो म्हणाला.

शेठने हात थोडे आत आणले. पुन्हा विचारलं. आणखी आत आणले. बसचा कंडक्टर दारातून बघत होता, त्याने घंटी वाजवली. भिंग्याचं हसू अजून तोंडावर होतं, फक्त त्याला आता काही अर्थ राहिला नव्हता. शेठचे हात त्याच्या स्वतःच्या गालांपर्यंत आले तेव्हा भिंग्या हळूच म्हणाला, “चार.”

बस गेली. तिच्यामागे धूर राहिला, आणि त्या हवेचं कौतुक करायला या वेळी कुणी नव्हतं.

“म्हणजे पेटी असती तर कालच कळलं असतं,” भिंग्या म्हणाला. तो मित्राला सोडवू बघत होता, एवढा तो भला होता.

शेठला ती पळवाट हवी होती. त्याने ती घेतली नाही. आयुष्यात असा प्रसंग त्याच्यावर फारसा आला नव्हता.

“पेटी कपाटात आहे,” तो म्हणाला. “मुद्दाम आणली नाही. आणि ती लागतच नव्हती. चार बोटं पुरली. मी तुझ्याकडे बघितलंच नाही रे.”

भिंग्याने चश्मा काढला, सरळ केलेल्या दांडीवरून अंगठा फिरवला आणि परत लावला. मग म्हणाला, दांडी मात्र चांगली बसवलीस. शेठला कुणी थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

परत चढताना शेठ पुढे चालला. दगड आला की “दगड” म्हणायचा, पायरी आली की “पायरी”. मागून पिशवीचा पट्टा धरलेला होता. तेच शेवाळ, तेच लोक, “राहिलात का आणखी, हवा आवडली वाटतं” म्हणणारे. शेठने कुणाच्याही चश्म्याकडे बघितलं नाही. त्याला मंगळवारची वेळ पुन्हा मिळेल का, एवढाच प्रश्न होता.

वहिनी ओसरीत होत्या. दोघांना परत आलेलं बघून त्या उभ्या राहिल्या, पण शब्द दिलेला असल्यामुळे त्यांनी विचारलं नाही. शेठ पांढऱ्या पट्ट्यांच्या पायऱ्या चढला, त्याने पिशवी खांद्यावरून काढली आणि खुंटीला अडकवली. वहिनींनी त्या पिशवीकडे बघितलं, आणि दवाखान्याला फोन लावायला आत गेल्या.